भोंगा, टोल आणि भैरव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परळ-लालबागच्या चाळींत घरोघरी घड्याळ नव्हते. कामगाराला वेळ कळे ती गिरणीच्या भोंग्याने. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीतला दिवस उजाडण्या-मावळण्यावर बेतलेला असे. त्यामुळे भोंगा मालकाचा असला, तरी त्यामागचे वेळापत्रक सूर्याचेच होते.

फोर्टातही वेगळे नव्हते. 1878 साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे देणगी दिली. दृष्टी गेलेल्या त्या जैन माउलीला सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ टोलांवरून कळे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मावळता सूर्य कानांनी ओळखता येतो हे मुंबईकराला पटत होते, एवढे तिच्यावरून दिसते.

ही जोडी फुटली 1906 साली. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे लागतात. मुंबई सुमारे 72.8 रेखांशावर, तर नवी प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची. फरक जवळजवळ 39 मिनिटांचा. 1 जानेवारीपासून सरकारी घड्याळे तेवढी पुढे सरकली. भोंगाही नव्या वेळेने वाजला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे आधी उठणे भाग होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवून निषेध केला. महापालिकेनेही जुन्या ‘बॉम्बे टाइम’ची बाजू घेतली आणि ती वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात रेंगाळली. हा वाद राज्यकर्त्यांविरुद्धच्या रागाचा होता, तसाच तो झोपेचाही होता.

याच सुमारास वाळकेश्वरचे पंडित विष्णु नारायण भातखंडे रागांच्या वेळांची मांडणी करत होते. त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग 1910 साली निघाला. त्यांच्या मांडणीत दिवसरात्रीचे दोन संधिकाल कळीचे आहेत. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार घेणारे संधिप्रकाश राग त्या वेळी गायचे. शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असेल तर तो बहुधा सकाळचा, जसा भैरव. तीव्र मध्यमाचे असेल तर बहुधा संध्याकाळचा, जशी पूर्वी. एका मध्यमावरून पहाट आणि सांज ओळखायची!

हा नियम निसर्गाने घालून दिलेला नाही. कर्नाटक संगीतात आज रागसमय इतक्या काटेकोरपणे पाळला जात नाही, तरी तिथला राग उणा ठरत नाही. ती शिकून, ऐकून मुरलेली सवय आहे. पण तिचा आधार घड्याळाचा आकडा नाही, संधिप्रकाश आहे. म्हणून सरकारी काटा सरकला तेव्हा भोंग्यावरून भांडण झाले. भैरवाला मात्र आपली वेळ बदलावी लागली नाही.

आता गिरण्या गेल्या, भोंगेही थांबले. दादर-गिरगावात दिवाळी पहाटेच्या मैफलींना मात्र गर्दी होते. या दिवसांत मुंबईत सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. त्यातून ती 39 मिनिटे वजा करून पाहा: सहाच्या मागेपुढेच काटा येतो. गायक भैरवाचा आंदोलित रिषभ लावतो तेव्हा बाहेर तीच जुनी वेळ झालेली असते.