जिहादी अतिरेकवाद, मुलूख गमावल्यानंतरचा (विशेषतः पुणे शहर)

एखाद्या सशस्त्र जिहादी संघटनेने बळकावलेला प्रदेश तिच्या हातून निघून गेल्यावर तिचा विचार, तिची माणसे आणि तिची कार्यपद्धती ज्या रूपाने मागे उरतात, त्या अवस्थेस ही संज्ञा लावता येते. प्रस्तुत नोंदीत, मराठी वृत्तपत्रे जिला ‘इसिस’ म्हणतात त्या ‘इस्लामिक स्टेट’ संघटनेच्या पतनोत्तर काळाचा विचार पुणे शहर समोर ठेवून केला आहे.

जून २०१४ मध्ये मोसुल हस्तगत करून त्याच महिन्याच्या २९ तारखेस जिने खिलाफतीची द्वाही फिरविली, इराक व सीरियातील विस्तीर्ण टापूवर अंमल बसवून जिने कर वसूल केले, तेलविहिरींचे उत्पन्न खजिन्यात जमा केले आणि स्वतःचे काजी व कोतवाल नेमले, त्या संघटनेच्या हातून जुलै २०१७ मध्ये मोसुल, ऑक्टोबरात रक्का आणि मार्च २०१९ मध्ये युफ्रेटीसकाठचे बागूझ हे अखेरचे ठाणे गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी मारला गेला. राज्य बुडाले, पण राज्याचे दप्तर बुडाले नाही. मे २०१९ मध्ये, म्हणजे इराक-सीरियात एक बिघाही जमीन हाती नसताना, संघटनेने ‘विलायत-ए-हिंद’ नावाचा सुभा कागदावर निर्माण केला. अफगाणिस्तानातील तिच्या खुरासान शाखेने ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर घातपात घडविला आणि मार्च २०२४ मध्ये मॉस्कोच्या संगीत सभागृहातील हत्याकांडाशीही याच शाखेचे नाव जोडले गेले. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात तर तिच्या शाखांचे बळ वाढतच राहिले.

राज्य गेल्यावर बेकार झालेली फौज लुटारू बनते, हा अनुभव महाराष्ट्रास पेंढाऱ्यांच्या काळापासून आहे. परंतु ती उपमा येथे अर्धीच लागू पडते. कारण पुण्यात पुढे जे पकडले गेले त्यांनी तो मुलूख कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. खिलाफत उभी होती तेव्हा मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे रवाना झाले आणि त्यांपैकी एक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परत आला. त्या वेळी ओढा जाण्याकडे होता. जाण्याचे ठिकाणच नाहीसे झाल्यावर तो ओढा उलटा फिरला, आणि ठिकाण येथेच कल्पावयाचे, असा नवा खटाटोप सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातील पडघ्यानजीकच्या बोरिवली या गावास आरोपींनी ‘मुक्त प्रदेश’ ठरवून ‘अल-शाम’ (सीरियाच्या प्रदेशाचे अरबी नाव) हे नाव दिले होते, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेने ९ डिसेंबर २०२३ रोजी ४४ ठिकाणी झडत्या घेऊन १५ जणांना अटक केली तेव्हा सांगितले. सीरियातील शाम गेला म्हणून भिवंडी तालुक्यात शाम वसवावयाचा, या कल्पनेत भीषणता आहेच. पण केविलवाणेपणाही आहे, आणि तो नजरेआड केल्यास या अवस्थेचे स्वरूप नीट उमगत नाही.

पुणे शहरास या विषयाची ओळख इसिसच्या आधीची आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जणांचा बळी गेला; १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर आणि १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलिस ठाण्याच्या आवारात स्फोट झाले. जर्मन बेकरी खटल्यात पुण्याच्या न्यायालयाने २०१३ मध्ये एकास फाशी ठोठावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कटाच्या व हत्येच्या आरोपांतून त्यास मुक्त करून, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम केली. तपासाचे डोंगर न्यायासनापुढे किती झिजतात, याचे हे उदाहरण पुढील प्रकरणे वाचतानाही स्मरणात ठेवावे.

पतनोत्तर अवस्थेचे शहरातील प्रमुख प्रकरण उघडकीस आले ते मात्र कोणत्याही गुप्तवार्तेमुळे नव्हे. १८ जुलै २०२३ च्या पहाटे कोथरूड पोलिस ठाण्याच्या गस्तीवरील शिपायांनी दुचाकी चोरण्याच्या बेतात असलेल्या तिघांना हटकले. शहराच्या कोंढवा भागातील त्यांच्या बिऱ्हाडाची झडती घेण्यास नेत असता एक निसटला, आणि उरलेले दोघे राजस्थानातील एका स्फोटकांच्या प्रकरणात तपास यंत्रणेस हवे असलेले, प्रत्येकी पाच लक्ष रुपयांचे इनाम लागलेले, मध्य प्रदेशातील रतलामचे रहिवासी निघाले. निसटलेला तिसरा ऑक्टोबरात दिल्लीस सापडला. तपास प्रथम राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे व तेथून राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला. याच्याशी निगडित दुसऱ्या प्रकरणात कोंढव्यातील एका भूलतज्ज्ञ डॉक्टरासही अटक झाली. बिऱ्हाडात स्फोटक उपकरणे बनविण्याचे शिक्षण दिले जात होते, रसायनांना ‘सिरका’, ‘गुलाबजल’, ‘शरबत’ अशी स्वयंपाकघरातली नावे होती आणि निर्जन रानांत चाचण्या घेतल्या गेल्या, असे दोषारोप ठेवण्यात आले. दोषारोप म्हणजे निकाल नव्हे, हे येथेही खरेच.

या प्रकरणात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पैशाची आहे. जिच्या खजिन्यात एकेकाळी तेलविहिरींचा महसूल येत होता, तिच्या नावाने निष्ठेची शपथ घेणाऱ्यांना खर्चासाठी मोटारसायकली चोराव्या लागत होत्या. या दारिद्र्यामुळे धोका टळतो असे नाही, कारण स्फोटास लागणारे द्रव्य राज्य चालविण्यास लागणाऱ्या द्रव्याच्या शतांशही नसते. मात्र चोरीची वाट धरणारा कटवाला साध्या फौजदारीच्या जाळ्यात येतो. मुलूख असलेल्या संघटनेशी फौजा व विमाने लढली. मुलूख नसलेलीशी गाठ पडते ती रात्रपाळीच्या शिपायाची आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात न कळविणाऱ्या घरमालकाची.

प्रसाराचे साधनही बदलले आहे. २००८ मध्ये पुण्यातून पकडलेल्या, ‘इंडियन मुजाहिदीन’ या दहशतवादी संघटनेच्या प्रचारविभागातील लोकांत संगणक अभियंता होता; जुलै २०२० मध्ये खुरासान शाखेच्या दिल्लीतील प्रकरणात पुण्याहून दोघांना अटक झाली, तेव्हा सारा व्यवहार दूरध्वनीच्या पडद्यावर आलेला होता. शिक्षित, नोकरदार तरुण यात का ओढला जातो, याचे उत्तर दारिद्र्यात शोधणारे येथे हमखास चुकतात. त्याचबरोबर दोन-चार बिऱ्हाडांवरून अवघ्या कोंढव्यास संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करण्याची शहरातील काहींची सवय अन्यायकारक तर आहेच, शिवाय तपासासही घातक आहे. शेजाऱ्याने बोलावे अशी अपेक्षा असेल तर शेजाऱ्यास आधी आरोपी करून चालत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये भारतातील एक हजाराहून अधिक उलेमांनी इसिसविरुद्ध काढलेला फतवा संयुक्त राष्ट्रांकडे पाठविण्यात आला होता, हे या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इसिसच्या प्रचाराने भारावून सीरियास जाण्याची स्वप्ने पाहणारी पुण्यातील एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी दहशतवादविरोधी पथकाच्या नजरेस आली. तिच्यावर खटला न भरता, आईवडील आणि धर्मजाणकार यांच्या साहाय्याने तिचे मन वळविण्याचा मार्ग पथकाने पत्करला.