चित्राचा सातबारा

जमीन घ्यायची असेल तर आपण आधी सातबारा पाहतो. मूळ मालक कोण, फेरफार कसे झाले, याची खात्री करतो. मोठ्या चित्रांचाही असाच एक सातबारा असतो. चित्रकाराच्या हातून सुटल्यापासून ते कोणाकोणाकडे गेले, याची ती साखळी. त्यातली एखादी कडी संशयास्पद निघाली, तर कोट्यवधींचे चित्र विकणेही कठीण होऊन बसते.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याचे 'किटली आणि फळे' हे चित्र घ्या. १८८८ ते १८९० च्या सुमाराचे. विषय साधाच : टेबलावरचे कापड, किटली, थोडी फळे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या स्टॉकब्रिज गावी मायकेल बेकविन यांच्या घरातून ते चोरीला गेले. सोबत आणखी सहा चित्रे. संशयित चोर पुढच्याच वर्षी गोळीबारात ठार झाला आणि चित्रे राहिली त्याच्या वकिलाकडे, रॉबर्ट मार्दिरोसियनकडे. त्याने ती पुढे स्वित्झर्लंडला हलवली.

माल हाती होता, पण विकायचा कसा? चोरीच्या कलाकृतींची नोंद ठेवणारी 'आर्ट लॉस रजिस्टर' ही संस्था लंडनमध्ये आहे. तिच्या मध्यस्थीने १९९९ मध्ये एक विचित्र करार झाला. पनामातल्या एका कंपनीने सेझान परत द्यायचा आणि त्याबदल्यात बेकविन यांनी उरलेल्या सहा चित्रांवरचा हक्क सोडायचा. कंपनीमागच्या माणसाचे नाव मात्र सीलबंद लखोट्यात! बेकविन यांनी सही केली. त्याच डिसेंबरात लंडनच्या लिलावात सेझानला सुमारे १ कोटी ८१ लाख पौंड मिळाले.

२००५ मध्ये उरलेल्यांपैकी चार चित्रे लंडनच्या लिलावगृहात आली, तेव्हा बेकविन न्यायालयात गेले. दडपणाखाली घेतलेली ती सही टिकली नाही, आणि लखोट्यातले नाव निघाले त्या वकिलाचे. २००८ मध्ये अमेरिकेत त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

चित्र वीस वर्षे दडवून ठेवले, तरी त्याने मालकी बदलत नाही. ताबा वेगळा, हक्क वेगळा. सातबारा स्वच्छ झालेला तो सेझान २०१९ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा लिलावात आला आणि सुमारे ५ कोटी ९३ लाख डॉलरना उजळ माथ्याने विकला गेला.