अंतरपट आणि दयासन



कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज व डच दफनभूमी आपण जाता-येता पाहिल्या असतील. शिवछत्रपतींच्या १६६४ च्या स्वारीत वखार लढविणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन तेथे आहे. तो १६६९ साली वारला. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविणारा व्हान ऱ्हीड हा १६९१ साली वारलेला डच अधिकारीही तेथेच विसावला आहे. हे सारे प्रॉटेस्टंट. परंतु त्यांच्या थडग्यांवरील घुमट मात्र मुसलमानी मकबऱ्यांच्या धाटणीचे! एका धर्माची वास्तू दुसऱ्या धर्माच्या आशयाला आसरा देते, ही गोष्ट सुरतकरांना नवी नाही. शब्दांच्या बाबतीतही असेच घडते, आणि मी जन्मभर शब्दांचाच धंदा केला असल्यामुळे आज त्याविषयीच बोलणार आहे.

बायबलातील 'निर्गम' या ग्रंथात मोशेला पवित्र वस्तू घडविण्याची आज्ञा होते. अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच असा सोन्याने मढविलेला कराराचा कोश, त्यावर शुद्ध सोन्याचे झाकण आणि दोन करूब, सात दिव्यांचा दीपवृक्ष, भाकरीचे मेज, आणि कोशाच्या खोलीपुढे विणलेले वस्त्र. कोशाचे लाकूड कोणते? मराठी भाषांतरकारांनी बाभूळ म्हटले. मूळचा वृक्ष त्याच जातकुळीतला असल्याने हा शब्द अचूक आहे. खानदेशातून येथे आलेल्या कुटुंबांना बाभूळ म्हणजे गाडीचे आणि औताचे लाकूड. देवाचा करार त्या लाकडात ठेवलेला पाहून त्यांना जो धक्का बसेल, तो इंग्रजी वाचकाच्या वाट्याला येणार नाही.

ख्रिस्ती परंपरेने या वस्तूंकडे छाया म्हणून पाहिले. ज्याची छाया तो पुढे आला, ही तिची श्रद्धा. महायाजक वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन त्या वस्त्राआड जाई. येशूच्या मृत्युसमयी ते वस्त्र वरपासून खालपर्यंत फाटले, असे शुभवर्तमान सांगते. वाट सर्वांना मोकळी झाली, हा त्याचा ख्रिस्ती अर्थ. हा अर्थ कळण्यासाठी जुनी कथा आधी ठाऊक हवी. फादर स्टीफन्स यांनी ते ओळखले होते. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या पंचाण्णव अवस्वरूंपैकी पहिले छत्तीस जुन्या कराराच्या कथेला दिलेले आहेत. ख्रिस्तजन्माकडे यायला त्यांना चार हजारांहून अधिक ओव्या लागल्या. माझे विद्यार्थी या लांबीवर कुरकुरत. ती लांबी अनाठायी नाही, हे मलाही फार उशिरा उमगले.

पुढे गद्य भाषांतरे झाली आणि येथेच माझी तक्रार आहे. प्रचलित मराठी 'निर्गमा'त त्या वस्त्राला 'अंतरपट' हा शब्द येतो. किती समर्पक! वधूवरांच्या मध्ये धरलेले, मीलनाच्या क्षणी दूर होणारे वस्त्र! पण शुभवर्तमानात, ज्या क्षणासाठी हा शब्द हवा होता त्या क्षणी, फाटतो तो नुसता 'पडदा'. वाचकाला धागा सापडत नाही.

'दयासना'चे तर याहून विलक्षण. हिब्रूत कोशाच्या झाकणाला 'कप्पोरेत' म्हणतात; त्याच्या धातूत पापक्षालनाचा भाव आहे. ग्रीकमध्ये त्याचे 'हिलास्टेरिऑन' झाले. ल्यूथरने जर्मनमध्ये त्याला कृपेचे आसन केले, इंग्रजांनी दयेचे, आणि तेथून आपले दयासन आले. आता पाहा: इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हाच ग्रीक शब्द 'दयासन' होतो, रोमकरांस लिहिताना पौल तोच शब्द प्रत्यक्ष ख्रिस्ताला लावतो, तेथे मराठीत 'प्रायश्चित्त' येते. ते चूक नव्हे. पण सोन्याचे झाकण आणि क्रूसावरील मनुष्य एका शब्दाने जोडण्याचे पौलाचे धाडस मराठीत हरवले. मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर करण्याचा पंडिता रमाबाईंनी धरलेला हट्ट मला म्हणूनच वाजवी वाटतो. केडगावला आयुष्याच्या अखेरपर्यंत, १९२२ पर्यंत, त्या या कामात गढल्या होत्या.

कोश स्वतः कधीच नाहीसा झाला. इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँपी त्या खोलीत शिरला तेव्हा ती रिकामी होती, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. सात शाखांचा दीपवृक्ष इ. स. ७० मधील लूट म्हणून रोमच्या टायटस कमानीवर आजही कोरलेला दिसतो.

परंतु 'छाया' या शब्दाने एक अन्यायही होतो. जणू मूळ वस्तूंचे काम संपले आणि त्या जपणारे मागे राहिले! आपल्या मराठीतच याला उत्तर आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, ते मराठीच बोलत. मुंबईत १७९६ साली त्यांनी आपले पहिले प्रार्थनागृह उभारले आणि आपल्या प्रार्थनागृहाला ते 'मशीद' म्हणत. पुन्हा आपल्या घुमटांसारखीच उसनी वास्तू! तेथे जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, हेखाल नावाचे कपाट असते. त्यात तोराच्या गुंडाळ्या, पुढे वस्त्र, वर अखंड दिवा. ते वस्त्र फाटलेले नाही. दर शब्बाथला ते हाताने बाजूला सारतात, गुंडाळी बाहेर काढतात आणि सर्वांसमक्ष वाचतात.