‘ढ’ या शिक्क्याचा इतिहास : अहमदनगर जिल्ह्यातील साक्षरतेची एक दुर्लक्षित बाजू

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शाळेचे दार कोणासाठी व केव्हा उघडले, या प्रश्नाभोवती झाले आहे. ते स्वाभाविकही आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे केंद्र स्थापन केले. १८३९ मध्ये सिंथिया फॅरार येथे आल्या. त्यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण येथेच घेतले. परंतु शाळेत पोहोचूनही ज्याला वाचता आले नाही, तो मुलगा या इतिहासात कोठेच दिसत नाही. त्याच्यासाठी मराठीने एक अक्षर राखून ठेवले : ‘ढ’. ब्राह्मीपासून या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून ज्याच्यात सुधारणा होत नाही तो ‘ढ’, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला अक्षराचेच नाव द्यावे, यातील क्रौर्य नजरेआड करता येत नाही.

१८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणिते सोडवीत असे. शब्द मात्र त्याला वाचता येत नसत. वाचनातील दोष म्हणजे बुद्धीतील दोष नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती दिल्या त्या १९९६ मध्ये, म्हणजे नेमक्या शंभर वर्षांनी. परंतु प्रमाणपत्र देणारी केंद्रे आरंभी मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत होती आणि प्रमाणित चाचण्या बहुतांशी इंग्रजीत. पाथर्डी वा जामखेडच्या मराठी शाळेतील मुलाला त्यांचा लाभ मिळणे दुरापास्तच होते. शिवाय या तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मूल वाचत नाही ते शाळा बुडाल्यामुळे की डिस्लेक्सियामुळे, हे शिक्षकाने ओळखावे कसे?

देवनागरीच्या अडचणी इंग्रजीहून निराळ्या आहेत. ‘कि’ मधील वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो; रफाराचा उच्चार आधी, खूण मात्र पुढील अक्षराच्या डोक्यावर. घ-ध, भ-म यांतील फरक अगदी बारीक. अशा मुलाकडून तेच पान दहा वेळा लिहून घेण्याने काही साधत नाही. एक अक्षर घ्यावे, त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारीत ते बोटाने वाळूत गिरवावे, ते पक्के झाल्यावरच पुढचे घ्यावे, हा मार्ग उपयोगी पडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी दृष्टी, श्रवण व स्पर्श एकत्र आणणारी जी पद्धती विकसित केली, तिचे हेच तत्त्व आहे. आपल्या पंतोजींच्या शाळेतही धुळाक्षरे गिरवली जात. तेथे साधन होते, पण मागे पडणाऱ्याच्या वाट्याला छडी येई.

मराठीसह चार भाषांतील ‘डाली’ ही चाचणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये उपलब्ध करून दिली. १९९५ च्या कायद्यात नसलेली विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आली आणि त्याच कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली एखादी उत्तरपत्रिका आता प्राध्यापकांच्याही हाती येणार आहे.