पैलतीर

एका मुवक्किलाच्या यंत्रखरेदीच्या कराराचा मसुदा पक्का करण्यासाठी गेल्या वर्षी जून महिन्यात मला जर्मनीतील मानहाइम शहरी आठ दिवस राहावे लागले. दिवसभर किमती, मुदती आणि दंडाची कलमे यांचा काथ्याकूट चाले व सायंकाळी खोलीवर परतावे तो डोके जड झालेले असे. एके दिवशी मात्र बैठक चार वाजताच उरकली. त्या प्रदेशात जूनमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. हाती आलेला तो वेळ वाया घालवावयाचा नाही असे ठरवून मी स्टेशन गाठले, ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडणारी गाडी पकडली आणि अर्ध्या तासाच्या आत नदीच्या डाव्या तीरावरील वोर्म्स या जुन्या गावी उतरलो.

वोर्म्सचे नाव इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते ते मार्टिन ल्यूथरमुळे. १५२१ च्या एप्रिल महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सभेपुढे त्याने आपली मते मागे घेण्यास नकार दिला तो याच गावी. पण मी निघालो होतो तो दुसऱ्याच एका पुरुषाच्या समाधीकडे. तेराव्या शतकातील तो यहुदी धर्मशास्त्री माझ्याच धंद्यातला, म्हणजे कायद्याचा माणूस होता, आणि त्याची हकीकत वाचल्यापासून ती माझ्या मनातून गेली नव्हती.

स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, जुन्या तटाच्या बाहेर, यहुद्यांची प्राचीन दफनभूमी आहे. तिला ‘हायलिगर झांट’, म्हणजे ‘पवित्र वाळू’ असे म्हणतात. यरुशलेमची माती आणून येथे पसरली होती अशी तिथली आख्यायिका आहे. आपण गंगेची कावड रामेश्वरी नेतो, त्यामुळे ती कथा मला परकी वाटली नाही. आत जाताना पुरुषांनी डोके झाकावे असा रिवाज आहे. मजजवळ टोपी नव्हती, तेव्हा हातरुमालच डोक्यावर घेतला. आत उंच गवत, जुनी झाडे आणि कलंडलेले तांबूस दगड. असे सुमारे अडीच हजार शिलालेख तेथे उभे आहेत आणि सर्वांत जुने अकराव्या शतकाच्या मध्यातले आहेत. आपल्याकडे शिलाहार आणि कदंब नांदत होते त्या काळी कोरलेली अक्षरे तिथे अजून वाचता येतात.

रोथेनबुर्गचे राब्बी मेईर यांची समाधी प्रवेशद्वारापासून फार दूर नाही. हिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, दुसरी एक समाधी आहे. दोन्हींच्या माथ्यावर यात्रेकरूंनी ठेवलेले लहान लहान खडे होते. मेईर यांचा जन्म वोर्म्सचाच. त्यांच्याकडे दूरदूरच्या यहुदी वस्त्यांतून वारसा, भागीदारी, विवाह, कर अशा नाना प्रश्नांवर निर्णय मागितले जात, आणि त्यांनी दिलेले शेकडो निर्णय आज उपलब्ध आहेत. त्या काळी सम्राटांनी यहुद्यांना ‘राजाच्या कोषागाराचे दास’ ठरविले होते. दासाला मालकाच्या परवानगीवाचून देश सोडता येत नाही, हे ओघानेच आले. १२८६ साली मेईर आपल्या कुटुंबासह पवित्र भूमीकडे निघाले, वाटेत पकडले गेले आणि राजा रुडोल्फच्या कैदेत पडले. समाजाने खंडणी जमविण्याची तयारी केली, परंतु मेईर यांनी ती देऊ दिली नाही असे परंपरा सांगते. एकाला सोडविण्यासाठी वाटेल ती रक्कम मोजली तर उद्या प्रत्येक राजा एकेका राब्बीला धरून नेईल, हा त्यांचा युक्तिवाद. पुढच्या पिढ्यांवर पडणारा पायंडा ओळखून स्वतःच्या सुटकेविरुद्ध निकाल देणारा असा न्यायाधीश मला दुसरा आठवत नाही. १२९३ साली ते कैदेतच वारले. प्रेतही १४ वर्षे अडकवून ठेवले होते. अखेरीस १३०७ साली अलेक्झांडर विम्फेन नावाच्या गृहस्थाने द्रव्य मोजून ते सोडविले. मृत्यूनंतर आपल्याला त्यांच्या शेजारी जागा मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती शेजारची समाधी त्याचीच.

तेथून मान वर केली की झाडांच्या पलीकडे वोर्म्सच्या महामंदिराचे, म्हणजे कथीड्रलचे, मनोरे दिसतात. त्या मनोऱ्यांच्या आणि या दगडांच्या मधल्या जागेत या गावाचा सगळा इतिहास घडला आहे. १०७४ साली राजा चौथ्या हेन्रीने वोर्म्सच्या रहिवाशांना जकातीची माफी दिली. संकटकाळी ते त्याच्या पाठीशी उभे राहिले होते. त्या सनदेत ‘यहुदी आणि इतर वोर्म्सकर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. वकिलाच्या दृष्टीने ‘इतर’ हा शब्द सोन्याच्या मोलाचा आहे, कारण त्याने यहुदी हे वोर्म्सकरांपैकीच ठरतात. मात्र सनदेनंतर २२ वर्षांनी, १०९६ च्या मे महिन्यात, पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्या गावात शिरल्या. घरी राहिलेले यहुदी आधी मारले गेले. बिशपच्या वाड्यात आश्रयास गेलेले आठवड्याभराने मारले गेले. मृतांचा आकडा सुमारे ८०० सांगतात. सनद कागदावर तशीच राहिली.

गाव ओलांडून मी यहुद्यांच्या जुन्या आळीत गेलो. अरुंद, दगडी फरसबंदीची ती वाट तटाच्या कडेने वळते आणि एका चौकात येऊन थांबते. तेथे सिनेगॉग आहे. याकोब बेन डेव्हिड आणि त्याची पत्नी राहेल या दांपत्याने १०३४ साली ते बांधविले. त्यांचा दानलेख आजही दाराशेजारच्या भिंतीत आहे. आपल्या देवळांच्या पायरीवर किंवा दीपमाळेवर दात्यांची नावे असतात, तसाच तो लेख. यहुदी धर्मग्रंथांचा श्रेष्ठ भाष्यकार राशी हा तरुणपणी याच गावी शिकला. ११७५ च्या सुमारास इमारत नव्याने उभी राहिली आणि पुढे स्त्रियांसाठी वेगळे दालन जोडले गेले. १३४९ साली महामारीचा दोष यहुद्यांवर येऊन वस्ती जाळली गेली. १६१५ साली त्यांना गावातून हाकलले गेले आणि पुढच्याच वर्षी ते परतले. १६८९ साली फ्रेंच सैन्याने अवघे गाव जाळले. दर वेळी माणसे परत आली आणि भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. १० नोव्हेंबर १९३८ रोजी नाझींनी सिनेगॉग जाळले, १९४२ साली अवशेष सुरुंगाने उडविले, आणि उरलेल्या यहुद्यांना गाड्यांत भरून पूर्वेकडे मृत्यूकडे पाठविले. या वेळी परत येण्यास कोणी उरले नाही.

तरीही सिनेगॉग पुन्हा बांधले गेले. वाचविलेले जुने दगड त्यात बसवून १९६१ च्या डिसेंबरात त्याचे उद्‌घाटन झाले. वोर्म्स, स्पायर आणि माइन्झ या तीन गावांतील यहुदी स्थळांना २०२१ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. मी पोहोचलो तेव्हा दार बंद झाले होते. त्या बंद दारापुढे उभा असताना माझ्या मनात आले की हे नेमके काय उभे आहे? आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते आणि तिच्या वतीने दावा चालतो. यहुदी धर्मात देवाला मूर्ती नाही, आणि सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष हवेत असा परंपरेचा नियम आहे. दगड पुन्हा रचता येतात, पण ते दहा जण कोठून आणावयाचे? अलीकडे पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतून आलेली काही यहुदी कुटुंबे गावात राहतात आणि अधूनमधून तेथे प्रार्थना होते. हे समाधानाचे आहे. परंतु नऊशे वर्षांची ती परंपरा त्यांच्या आजोबा-पणजोबांची नव्हे.

चौकातून मी नदीवर गेलो. ऱ्हाइन तेथे रुंद आहे. मालवाहू पडाव संथपणे खाली चालले होते आणि पलीकडची झाडे मावळत्या उन्हात स्पष्ट दिसत होती. कोणाही गोमंतकीयाला तेथे जुवारी आठवली असती.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळोशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीम्हाळसा, ही दैवते भक्तांनी उचलून अंत्रुजात नेली. प्रियोळ, कवळे आणि म्हार्दोळ येथे ती आज विराजमान आहेत. त्याच वेळी, १५६० साली, गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय स्थापन झाले. त्याची दृष्टी यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांवरही होती. गोव्यात राहून आपल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. मेईर यांचे प्रेत अडकविणारी आणि ओर्ताची हाडे जाळणारी वृत्ती एकच.

आपण हा इतिहास सांगताना देव वाहून नेणाऱ्यांच्या धैर्याचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण वोर्म्सकरांत धैर्य काय कमी होते? पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त होऊनही ते परतले होते. उणीव दुसऱ्याच गोष्टीची होती. जुवारी ओलांडल्यावर आपल्या पूर्वजांना जमीन मिळाली. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. त्या मुसलमान राजवटीच्या मुलखात परमुलखातून आलेल्या हिंदूंच्या देवांना राहू दिले गेले, आणि तिथल्या गावांनी त्यांना जागा दिली. १९३८ च्या जुलै महिन्यात फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जर्मनीतील यहुद्यांचा विचार करण्यास जमले. सहानुभूतीची भाषणे झाली, परंतु एखाददुसरा अपवाद सोडता कोणीही दार रुंद केले नाही. चार महिन्यांनी हे सिनेगॉग जळाले. ज्यांना परवाने मिळाले ते वाचले. बाकीच्यांपुढे नदी होती, पण पैलतीर नव्हते.

आपल्या देवस्थानांच्या स्थलवर्णनांत पालखी कोणी उचलली, होडी कोणी वल्हविली, कोणत्या कुळाला कोणता मान, हे बारकाईने नमूद असते. पैलतीराचा उल्लेख एका ओळीत संपतो. जागा देणाऱ्यांची नावे महाजनांच्या वह्यांत कदाचित असतीलही, पण ती उत्सवात घेतली जात नाहीत. ती शोधून घेतली जावीत असे मला वाटते. त्या ऋणाची आठवण राहिली तर दुसरीकडून कोणी होडी घेऊन आपल्या काठाला लागला असता काय करावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही. महाराष्ट्राने एकदा ते केलेही आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती.

अंधार पडू लागला तसा मी स्टेशनाकडे वळलो. मानहाइमच्या गाडीत तिकीट तपासनिसाने तिकीट पाहून मान डोलावली. डबा पुलावर आला, खाली काळे पाणी क्षणभर चकाकले, आणि मी काहीही न सोडता, कोणाचीही परवानगी न मागता पैलतीरी उतरलो.