नियमाने अडवलेली सायकल

सेवानिवृत्तीनंतर सहा वर्षे आम्ही सायकलीला हात लावला नव्हता. कंबरेच्या दुखण्याने सायकल सुटली आणि तिच्याबरोबर पहाटेचा रेसिडेन्सीचा फेराही सुटला. गेल्या हिवाळ्यात भाच्याने आपली रेलून चालवावयाची सायकल आमच्या ओसरीवर आणून ठेवली. पाठ टेकलेली, पाय पुढे पसरलेले, पायडल समोर. शेजारच्या मुलाने विचारले, "आजोबा, ही सायकल आहे की आरामखुर्ची?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु नव्वद वर्षांपूर्वी युरोपात हाच प्रश्न गंभीरपणे विचारला गेला, आणि त्याचे उत्तर एका नियमाने दिले.

फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक कल्पक निर्माते होते. त्यांनी प्रथम पायडलने चालणारी चारचाकी 'वेलोकार' बनविली आणि पुढे तिलाच दुचाकीचे रूप दिले. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे फ्रांसिस फोर या स्वाराने त्या दुचाकीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग यांचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हे काही पहिल्या प्रतीचे स्वार गणले जात नव्हते. हीच गोष्ट अनेकांना खुपली. विजय माणसाचा की यंत्राचा, असा वाद उभा राहिला.

त्यामागील कारण सोपे आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की स्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच खर्च होते. रेलून बसणाऱ्याचे शरीर वाऱ्याला कमी आडवे येते, इतकेच. परंतु आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी बांधली की, बैठक आणि पायडल यांच्या स्थानावरूनच ही सायकल बाद ठरावी. मोशे त्याच वर्षी निवर्तले. १९३९ मध्ये फोर यांनी वाऱ्यासाठी आवरण घातलेल्या अशाच सायकलीवर तासाला पन्नास किलोमीटरची मर्यादा ओलांडली. नेहमीच्या बैठकीवर तो पल्ला फ्रांचेस्को मोझेर यांनी गाठला तो १९८४ साली.

आम्ही उभा जन्म शासकीय नियमांत घालविला. म्हणून संघटनेची बाजू आम्हास अगदीच अमान्य नाही. शर्यत समान साधनांवर व्हावी हे खरे. परंतु शर्यतीपुरती केलेली व्याख्या पुढे बाजारातही रूढ झाली. जे शर्यतीत दिसत नाही ते दुकानातही येत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत मानवी शक्तीच्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा कोठे या सायकलीला पुन्हा आधार मिळाला. मधली चार दशके आमच्यासारख्या किती दुखऱ्या कंबरा घरी बसून राहिल्या असतील, याची मोजदाद कोणत्याच नियमात नसते.

आता आमच्या अनुभवाविषयी. ही सायकल आरामखुर्ची नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात कळले. चढावर पायडलवर उभे राहून अंगाचा भार टाकता येत नाही. सारे काम मांड्यांनी आणि नितंबांनी करावयाचे. शिवाय पाठीला टेकू असल्याने जोर अधिक लावता येतो, आणि तो जोर गुडघ्यांना भोवतो. आम्हीही दुसऱ्या आठवड्यात घाई केली व चार दिवस गुडघा शेकत बसलो. मग हलका गिअर, भरभर पण मऊ पाय, एक दिवस फेरी व एक दिवस विश्रांती, असा क्रम धरला. तोल सावरावयास आठवडा लागला. पायांत बळ येण्यास तीन महिने.

परवा प्रथमच रेसिडेन्सीचा पूर्ण फेरा न थांबता झाला. कंबर दुखली नाही. फाटकाशी तोच मुलगा उभा होता. त्याला आम्ही म्हटले, "बाळ, ही सायकलच आहे." वेग आमचा कोणताही विक्रम मोडणार नाही, परंतु सुटलेली पहाट परत मिळाली, आणि ती देताना कोणत्या व्याख्येने आम्हास अडविले नाही.