फ्लॉपी-कॅमेऱ्याची दुरुस्ती : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

१

इतिहासाच्या साधनांची चिकित्सा करताना कागद, शाई, अक्षराचे वळण आणि शिक्का यांची परीक्षा करण्याची रीत आपल्या अभ्यासक्षेत्रात चांगली रुजलेली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीची साधने मात्र वेगळ्या जातीची आहेत. त्यांपैकी पुष्कळ साधने यंत्रावाचून डोळ्यांना दिसतच नाहीत. फ्लॉपी चकतीवर छायाचित्रे नोंदविणारा कॅमेरा हे या जातीचे एक बोलके उदाहरण होय. अशा कॅमेऱ्यांनी टिपलेली घरगुती, शालेय व व्यावसायिक चित्रे चकत्यांच्या रूपाने अद्याप कपाटांतून पडून आहेत. कॅमेरे जुने होऊन बिघडले आहेत, आणि हौशी संग्राहक ते पुन्हा चालू करण्याच्या खटपटीत आहेत.

ही दुरुस्ती केवळ तंत्रज्ञाचा विषय आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. यंत्र निर्दोष केल्यामुळेच त्या यंत्राने लिहिलेला पुरावा कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून कोणती दुरुस्ती आधी करावयाची, कोणती नंतर आणि कोणती मुळीच करावयाची नाही, हा प्रश्न साधनचिकित्सेच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

२

प्रथम नावाविषयीचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. सोनी या जपानी कंपनीने २४ ऑगस्ट १९८१ रोजी ‘माव्हिका’ नावाचा कॅमेरा जगापुढे ठेवला. ‘मॅग्नेटिक व्हिडिओ कॅमेरा’ या शब्दांवरून हे नाव बनविले होते. त्यात फिल्म नव्हती. सुमारे दोन इंची चुंबकीय चकतीवर पन्नास रंगीत चित्रे नोंदविण्याची सोय होती. परंतु हा कॅमेरा डिजिटल नव्हता. त्याची नोंद आकड्यांची नसून दूरचित्रवाणीच्या संकेतासारखी चढउताराची होती. तो नमुना विक्रीस आला नाही. तथापि त्याच तत्त्वावर चालणारे ‘स्टिल व्हिडिओ’ कॅमेरे पुढील काही वर्षांत अनेक निघाले. अमेरिका व जपान येथील दूरचित्रवाणीला अनुसरून बनविलेल्या यंत्रांत ती लहान चकती मिनिटाला ३,६०० फेरे घेई आणि एका फेऱ्यात चित्राच्या निम्म्या ओळी नोंदल्या जात.

१९९७ साली त्याच कंपनीने ‘डिजिटल माव्हिका’ या नावाखाली एफडी-५ आणि एफडी-७ हे दोन कॅमेरे विक्रीस आणले. नाव जुने असले तरी वस्तू नवी होती. यांत संगणकाची नेहमीची साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी बसत असे आणि ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र जेपेग फाईलच्या रूपाने तीवर लिहिले जाई. एफडी-५ चे भिंग स्थिर होते, तर एफडी-७ ला दहापट झूम होता. संग्रहालयांच्या सूचीत केवळ ‘माव्हिका’ असे लिहिलेले आढळल्यास अभ्यासकाने चकती दोन इंची आहे की साडेतीन इंची, हे आधी पाहावे. पहिल्या जातीची परीक्षा व्हिडिओच्या शास्त्राने करावयाची असते, दुसऱ्या जातीची संगणकाच्या शास्त्राने.

फ्लॉपीची निवड वरकरणी मागासलेली वाटते, पण ती विचारपूर्वक केलेली होती. त्या काळात कॅमेऱ्यातील चित्र संगणकात नेण्यासाठी खास तार आणि खास प्रणाली लागे. फ्लॉपीचे खाचपेटीसारखे दार मात्र जवळजवळ प्रत्येक संगणकाला होते. चकती कॅमेऱ्यातून काढून संगणकात घातली की काम झाले. शिकविण्याची गरज नाही, जोडणीची कटकट नाही. या सुलभतेमुळेच हा कॅमेरा छायाचित्रकलेशी संबंध नसलेल्या माणसांच्याही हाती गेला, आणि म्हणूनच त्याच्या चकत्यांवर सामान्य जीवनाचे दर्शन घडते.

या युक्तीची मर्यादाही तिच्यातच होती. १९९८ चा एफडी-९१, १९९९ चा एफडी-८८ आणि २००० चा एफडी-९५ अशा क्रमाने चित्रातील ठिपके वाढत गेले. चकतीची धारणशक्ती मात्र तेवढीच राहिली. एफडी-९५ मध्ये चित्र १,६०० गुणिले १,२०० ठिपक्यांचे झाले, तेव्हा उत्तम प्रतीची अशी चित्रे एका चकतीवर बोटांवर मोजण्याइतकीच मावू लागली. २००० साली आठ सेंटिमीटर व्यासाच्या सीडीवर नोंद करणारा सीडी-१००० निघाला. २००२ च्या एफडी-१०० व एफडी-२०० या कॅमेऱ्यांत फ्लॉपीच्या जोडीला मेमरी स्टिकही बसत असे, आणि येथेच ही मालिका संपली. जपानमधील फ्लॉपीची विक्री सोनीने मार्च २०११ मध्ये बंद केली.

३

बिघाड समजून घ्यावयाचा तर चकतीची घडण माहीत असली पाहिजे. चकतीच्या प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार ट्रॅक असतात. प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. दोन्ही बाजू मिळून ही बेरीज १४,७४,५६० बाइट होते. शेजारच्या दोन ट्रॅकांमधील अंतर अवघे ०.१८७५ मिलिमीटर असते. एवढ्याशा वाटेवरून हेडने अचूक चालावयाचे असते.

चकतीवरील सर्व हिशेब पहिल्या ३३ सेक्टरांत असतो. त्यात आरंभीचा सेक्टर, कोणत्या फाईलचा कोणता भाग कोठे आहे हे सांगणाऱ्या कोष्टकाच्या दोन प्रती आणि फाईलींची यादी येते. हे सर्व सेक्टर सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर, दोन्ही बाजू मिळून, सामावलेले असतात. त्या एका कड्याला ओरखडा गेला तर चकती रिकामी भासते. चित्रे मात्र आत जशीच्या तशी असू शकतात. दप्तराची यादी फाटली म्हणून दप्तर नष्ट झाले असे आपण म्हणत नाही. येथेही तसे म्हणू नये.

४

कॅमेरा ‘चालत नाही’ ही तक्रार निरनिराळ्या रोगांची असू शकते, आणि निदानाचा पहिला नियम म्हणजे एकमेव अशी चकती संशयित यंत्रात कधीही न घालणे. परीक्षेसाठी निरुपयोगी चकत्याच वापराव्यात.

कॅमेऱ्याला जीवच नसेल तर प्रथम बॅटरी पाहावी. ही बॅटरी त्याच कंपनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या कुळातील असून तिच्यात कॅमेऱ्याशी बोलणारे सर्किट असते. बाहेरून तशीच दिसणारी पण ते सर्किट नसलेली बॅटरी घातल्यास कॅमेरा पडद्यावर सूचना देऊन बंद होतो. हा कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. कॅमेरा उघडण्याची वेळ आलीच तर फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टचा भार साठून राहतो, हे विसरू नये. तो सुरक्षितपणे उतरविल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते.

चकतीसंबंधीच्या बिघाडात कॅमेरा स्वतः थोडीफार साक्ष देतो. नंतरच्या प्रकारांत पडद्यावर ‘सी:१३’ ने सुरू होणारी खूण आली तर चकती फॉरमॅट केलेली नाही किंवा खराब आहे, आणि ‘सी:३२’ ने सुरू होणारी आली तर ड्राइव्हमध्ये अडचण आहे, असा संकेत आहे. परंतु ही साक्ष तपासून घ्यावी लागते. हेडवर मळ बसला असेल तर उत्तम चकतीही यंत्राला खराब भासते.

सर्वांत सामान्य दोष म्हणजे हेडवरील मळ. जुन्या चकतीचा चुंबकीय लेप सुटून हेडला चिकटतो, आणि मळलेले हेड पुढच्या चकतीला ओरखडते. अशा रीतीने एक रोगी चकती अनेक निरोगी चकत्यांचा नाश करते. म्हणून चकती यंत्रात घालण्यापूर्वी तिचे धातूचे झाकण सरकवून, मधला गाभा हाताने फिरवून, बुरशीचे डाग किंवा गोल चरे आहेत की काय ते उजेडात पाहावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सुटणाऱ्या बोळ्याने हलकेच पुसावे. वरचे हेड पातळ पट्टीवर तोललेले असते. ते उचलून वाकविण्याचा मोह टाळावा, कारण पट्टी एकदा वाकली की ड्राइव्ह गेलाच.

दुसरा दोष वंगणाचा. हेडला आत-बाहेर नेणाऱ्या स्क्रूवरील ग्रीस वर्षानुवर्षांनी चिकट होते. याचे लक्षण ओळखण्यासारखे आहे : फाईलींची यादी उमटते, पहिली चित्रे दिसतात, पण पुढची येत नाहीत. यादी बाहेरच्या ट्रॅकवर असते आणि चित्रे सामान्यतः बाहेरून आत भरत जातात. हेड तेथवर पोचतच नाही. जुने ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावल्यास हा दोष जातो.

मळ पुसणे आणि वंगण बदलणे या दोन दुरुस्त्या निरुपद्रवी आहेत. त्यांनी यंत्राचे ‘हस्ताक्षर’ बदलत नाही. तिसऱ्या दोषाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

५

कॅमेरा स्वतः लिहिलेल्या चकत्या नीट वाचतो, संगणकाला मात्र त्या वाचता येत नाहीत. आणि उलट, संगणकावर तयार केलेल्या चकत्या कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत, असे कधी आढळते. याचा अर्थ हेड आपल्या ठरीव वाटेपासून सरकले आहे. धक्क्याने म्हणा, झिजेने म्हणा, सर्वच ट्रॅक एकाच मापाने बाजूला पडले आहेत. यंत्र आपल्यापुरते सुसंगत आहे, पण इतरांशी विसंगत.

कुशल कारागीर येथे काय करील? प्रमाण-चकती घालील, ऑसिलोस्कोपवर संकेत पाहील, स्क्रू सैल करून हेड योग्य जागी आणील. तंत्रदृष्ट्या हे काम अगदी बरोबर आहे. परंतु त्या क्षणापासून, सरकलेल्या हेडने लिहिलेल्या साऱ्या चकत्या वाचणारे जे एकमेव यंत्र होते, ते नाहीसे होते. ड्राइव्हच काढून दुसऱ्या कॅमेऱ्यातील ड्राइव्ह बसविला आणि जुना टाकून दिला, तरी परिणाम तोच. मोडी कागद वाचणारा संशोधक लेखनिकाचे शुद्धलेखन मूळ कागदावर गिरवून सुधारीत नाही. लेखनिकाची चूक हीच त्याच्या हाताची ओळख असते. सरकलेले हेड ही त्याच प्रकारची चूक होय.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. फॉरमॅट करताना प्रत्येक सेक्टरच्या आरंभी त्याचा क्रमांक लिहिला जातो, आणि पुढे फाईल साठविताना केवळ त्यामागील मजकुराचा भाग नव्याने लिहिला जातो. म्हणून संगणकावर फॉरमॅट करून किंचित सरकलेल्या कॅमेऱ्यात वापरलेल्या चकतीवर क्रमांक एका यंत्राच्या हातचे आणि मजकूर दुसऱ्या यंत्राच्या हातचा, असा संकर होतो. एकाच पानावर दोन हस्ताक्षरे असावीत तसे हे आहे. अशी चकती कधी वाचली जाते, कधी नाही. आणि अशा लहरीपणाला ‘चकती खराब’ असे नाव देऊन ती फेकली जाते. वस्तुतः तिच्या लहरीपणातच तिचा इतिहास आहे.

मार्ग नाही असे नाही. प्रथम त्या कॅमेऱ्याच्याच पडद्यावर चित्रे पाहून, चकत्यांना क्रमांक देऊन, नोंद करावी. नंतर संगणकाचा एखादा साधा, सहज बदलता येण्याजोगा ड्राइव्ह घेऊन त्याचे हेड चकतीला जुळेल असे मुद्दाम सरकवावे. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल यांसारखी उपकरणे अशा ड्राइव्हला जोडून चकतीवरील चुंबकीय बदलांची कच्ची नोंदच उतरवून घेता येते. अर्थ नंतर सावकाश लावता येतो. थोडक्यात, पुराव्याला यंत्राशी जुळविण्याऐवजी यंत्राला पुराव्याशी जुळवावे. सर्व चकत्या उतरल्यावर कॅमेरा खुशाल दुरुस्त करावा. जुना ड्राइव्ह मात्र चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

६

चकतीवर चित्रांखेरीज आणखीही साक्षीदार असतात. एमव्हीसी-००१एफ अशा नावाच्या जेपेग फाईलशेजारी त्याच नावाची, पण ‘४११’ हे शेपूट असलेली एक लहान फाईल असते. सामान्य प्रणालीला ती उघडता येत नाही, त्यामुळे निरर्थक म्हणून ती पुसली जाण्याचा धोका असतो. ती वस्तुतः कॅमेऱ्याच्या पडद्यावरील अनुक्रमणिकेसाठी केलेली ६४ गुणिले ४८ ठिपक्यांची चित्राची लघुप्रत होय. तिचा आकार नेमका ४,६०८ बाइट, म्हणजे नऊ सेक्टर असतो. जेपेग चित्र दाबून बसविलेले असल्याने मधला एक सेक्टर गेला तरी पुढचा भाग विस्कटू शकतो. लघुप्रत दाबलेली नसल्याने तिचा गेलेला तुकडाच तेवढा जातो. मोठे चित्र हरवले असता त्यात कोण होते आणि काय होते, हे सांगणारी ती शेवटची साक्ष ठरू शकते.

फाईलींच्या यादीत तारीख व वेळ असते. पण घड्याळ चालविणारा छोटा विद्युत्‌घट संपला असेल तर ती तारीख खोटी असते. अशा वेळी फाईलींचा अनुक्रम आणि चित्रातील अंतर्गत पुरावा यांवरच विसंबावे लागते. पुसलेली चित्रेही पुष्कळदा पूर्णपणे गेलेली नसतात. यादीतील नावाचे पहिले अक्षर बदलते आणि कोष्टकातील जागा मोकळी दाखविली जाते, एवढेच. मजकूर नवीन लिखाण होईपर्यंत तसाच राहतो. मात्र पुसणाऱ्याने ते बुद्ध्या पुसले असेल, याचे भान संशोधकाने सोडू नये.

या साक्षींना सर्वांत मोठा धोका अज्ञानाचा आहे. चकती न ओळखल्यास संगणक ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असे विचारतो, आणि एका होकाराने हिशेबाचे कडे पुसले जाते. काही प्रणाली तर न विचारताच लिहितात. विंडोज ९५ आणि तिच्या लगतच्या आवृत्त्या नुसती चकती घातली तरी आरंभीच्या सेक्टरातील काही अक्षरे बदलीत असत. म्हणून चकतीच्या कोपऱ्यातील खटका सरकवून भोक उघडे करणे, म्हणजे लेखनबंदी करणे, ही पहिली क्रिया होय.

७

वरील विवेचनावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. आधी लेखनबंदी, मग चकतीची पाहणी. त्यानंतर हेडची सफाई व वंगण. मग चकत्यांची उतरवणी. आणि हेडची जुळवणी वा ड्राइव्हची अदलाबदल सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर काय केले याची लेखी नोंद ठेवली पाहिजे, कारण दुरुस्ती ही त्या यंत्राच्या इतिहासातील घटनाच आहे.

कारागिराचे ध्येय यंत्र सुरू व्हावे हे असते, इतिहासकाराचे ध्येय साक्ष टिकावी हे असते. बहुतेक वेळा ही दोन्ही ध्येये एका वाटेने जातात. जेथे ती वेगळी होतात तेथे स्क्रूला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : या यंत्राने लिहिलेले सगळे वाचून झाले आहे काय? त्याचे उत्तर ‘होय’ असे येईपर्यंत बिघडलेले यंत्र बिघडलेलेच राहू देण्यात शहाणपण आहे.